सुलक्षणाची जोडी

"बूट काढा की," ती म्हणाली.

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि शेजारच्या टेबलावरचे खणाचे ब्लाउज बघू लागले.

राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलं होतं. आपापलं लहानसं लेबल काढून हातानं कपडे, पिशव्या, दागिने घडवणाऱ्या बायकांचं. माझं लग्न ठरलं होतं, म्हणून आई मला खरेदीला घेऊन आली होती. एकीनं हातमागाच्या कापडाचे कुर्ते आणले होते, दुसरीनं गोधडीसारखी टाके घातलेली जाकिटं. प्रत्येकीनं आपल्या लेबलचं नाव कापडावर रंगवून मागं टांगलं होतं. मी जिच्यापुढं थबकले होते तिच्या मागं 'करकर' असं लिहिलेलं होतं आणि टेबलावर कोल्हापुरी चपला होत्या. पण असल्या कोल्हापुरी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एका जोडीची वेणी डाळिंबी सुताची होती. एकीचे कान, म्हणजे बाजूच्या त्या पाकळ्या, वाळलेल्या पिंपळपानासारखे जाळीदार कापलेले होते. मी नुसती बघत उभी राहिले होते, तेवढ्यात ती 'बूट काढा' म्हणाली.

"चल संज्योत," आई म्हणाली. "आपलं काय काम चपलांशी?"

आईच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. ती साधी माहिती होती. मी दोन वर्षांची असताना माझ्या डाव्या खुब्यात पू झाला. पाय वाचला, पण वाढायचा राहिला. मोठी होईतो तो उजव्यापेक्षा चांगला तीन बोटं आखूड झाला. तेव्हापासून इस्पितळातून करून आणलेले बूट, डाव्याला जाड तळ. शाळेत गणित शिकवायला लागले तरी तेच. लोक माझ्या पायांकडे चोरून बघायचे आणि मी बघितलं की नजर वळवायचे. ही बाई मात्र उघड बघत होती, शिंपी कापडाकडे बघतो तशी.

"विकत घेऊ नका ओ," ती म्हणाली. "मला नुसतं बघायचंय. डावा तळ फार जड दिसतोय. कंबर दुखते ना?"

दुखायची. पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"हिचं लग्न आहे पुढच्या महिन्यात," आई मध्येच म्हणाली, जणू त्यानं विषय संपणार होता.

"मग मांडवात काय घालणार?"

"मांडवात कुणी काय घालतं का? अनवाणीच."

"अनवाण्या ह्या किती वेळ उभ्या राहतील?"

आमच्या घरात गेले कित्येक दिवस हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि तोंडावर कुणीच आणत नव्हतं. बूट काढले की मला डावी टाच टेकवता यायची नाही. चवड्यावर उभं राहायचं, आणि थोड्याच वेळात खुब्यातून कळ निघायची. धैर्यशीलच्या, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरून निरोप आला होता की नवरीला खुर्ची देऊ, सगळे विधी बसूनच करू. ही कल्पना त्याच्या आत्यांची, पद्माआत्यांची. त्या घरातला शब्द त्यांचाच चालायचा. धैर्यशीलनं मला विचारलं होतं, "तुला चालेल का?" आणि मी हो म्हटलं होतं. घरी येऊन मात्र मी उशीत तोंड खुपसून रडले होते. अंतरपाटाच्या पलीकडं तो उभा आणि अलीकडं मी खुर्चीवर, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"मला उभं राहायचंय," मी त्या अनोळखी बाईला म्हटलं.

"मग बूट काढा," ती म्हणाली. ह्या वेळी मी काढले.

तिचं नाव सुलक्षणा डोंगरे. चर्मकाराच्या घरातली, तीन पिढ्या चपला करणाऱ्यांची मुलगी. वय माझ्याएवढंच. चेन्नईला पादत्राणांचं डिझाइन शिकून परत आलेली, आणि नोकरी न करता सुभाषनगरात वडिलांच्या कारखान्यावरची एक खोली घेऊन बसलेली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी ती फरशीवर मांडी घालून बसली, माझा डावा पाय तिनं आपल्या गुडघ्यावर घेतला आणि कागदावर त्याची कड काढली. आई इकडंतिकडं बघत राहिली. लोक थांबून बघत होते. सुलक्षणाला त्याचं काही नव्हतं.

* * *

पुढच्या आठवड्यात मी एकटीच सुभाषनगरात गेले. खाली तिचे वडील दादू डोंगरे आणि आणखी दोन कारागीर कातडं कापत बसले होते. त्यांनी मला मानेनंच वरचा जिना दाखवला. वर सुलक्षणासोबत दोन बायका होत्या, वेण्या घालणाऱ्या.

"चपलेत बाईचं काम एवढंच," सुलक्षणा म्हणाली. "वेणी घालायची, गोंडे बांधायचे. तेही घरात बसून. कातडं कापायच्या रापीला बाईनं हात लावायचा नाही. मी लावला तेव्हा अण्णा माझ्याशी बोलत नव्हते."

"आता बोलतात?"

"कामाचं बोलतात."

तिनं केलेली जोडी पुढं ठेवली. मी बघतच राहिले. मोरपंखी सुताच्या वेण्या, पातळ कातड्याचे कान, आणि डाव्या तळाला कातड्याचे थर असे एकावर एक बसवलेले की जाडी डोळ्यांत भरतच नव्हती. पायात घातली तर माप अगदी अचूक. मी उठून उभी राहिले. दोन्ही टाचा टेकल्या होत्या. वेणी घालणाऱ्या बायका हसून बघत होत्या. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, खिडकीपर्यंत गेले, वळले, आणि डावा चवडा जमिनीला अडून अशी आडवी झाले की कोपर फुटलं.

सुलक्षणा धावली नाही. जिथं मी पडले होते तिथं येऊन बसली आणि डाव्या चपलेचं टोक दाबून बघू लागली. चेहरा पांढरा पडला होता.

"लागलं?"

"थोडंसं."

"दिसायला चांगली झाली म्हणून मी खूश होते," ती म्हणाली. "काढा ती."

मी रिक्षानं घरी आले. आईनं कोपराला हळद लावली आणि म्हणाली, "जाऊ दे बाळा. खुर्चीत काय वाईट आहे? नुसतं लग्न लागायचंय." सुलक्षणाचा फोन येईल असं वाटत होतं. आला नाही. आठवडा गेला, पत्रिका वाटून झाल्या, खुर्चीला मखमली कापड कुठल्या रंगाचं लावायचं ह्यावर दोन्ही घरांत चर्चा झाली. मी मनातून तो विषय काढून टाकला. मग एका रविवारी, शालू फॉल लावायला टाकून परत येताना, माझ्याच नकळत रिक्षावाल्याला म्हटलं, "सुभाषनगरातून घ्या."

जिन्याच्या पायथ्याशीच मला आवाज ऐकू आला. ठक्, घस. ठक्, घस. माझ्या चालण्याचा आवाज. शाळेतली पोरं ज्या आवाजावरून वर्गात चिडीचूप होत, तोच. मी वर बघितलं. सुलक्षणा कठड्याला धरून जिना उतरत होती, एका अंगाला झुकत, लंगडत.

"अय्या, काय झालं? पडलात?"

ती थांबली. चोरी पकडल्यासारखी हसली आणि साडीचा घोळ वर केला. एका पायातल्या चपलेखाली तिनं कातड्याचा जाड ठोकळा चामड्याच्या वादीनं आवळून बांधला होता.

"तुम्ही गेल्यापासून काढला नाहीये," ती म्हणाली. "झोपताना सोडून."

"हिला समजवा जरा," वरून कुणीतरी म्हणालं. खणाचे ब्लाउज करणारी ती शमा मुल्लाणी होती. प्रदर्शनात तिचं टेबल सुलक्षणाच्या शेजारी होतं. "ह्याच अवतारात मंडईत जाती, बसमध्ये चढती. पुण्याच्या दुकानाला चाळीस जोड द्यायचेत ते पडलेत तसेच. मी म्हटलं, अगं, एका जोडीपायी इतका वेळ घातलास तर तुझं लेबल चालणार कसं?"

"ते चाळीस जोड घेणाऱ्यांना कुठंही चप्पल मिळते," सुलक्षणा म्हणाली. "ह्यांना कुठंच मिळत नाही. मी पण दिली नाही तर मग मी कशाला पाहिजे? दुकानं काय कमी आहेत?" आणि माझ्याकडं वळून, "बसा. तुमच्याशी बोलायचंच होतं."

आम्ही जिन्यातच बसलो.

"पहिल्या दिवशी मला वाटलं, उंची जमली की झालं. पण जाड तळ वाकत नाही ना. पाय पुढं टाकताना चवडा जमिनीला घासतो. म्हणून तुम्ही पडला. तळ पुढून उचलला पाहिजे, होडीच्या नाळेसारखा, म्हणजे पाऊल आपोआप पुढं लोळतं. दुसरं, आपल्या कोल्हापुरीला मागं काही नसतं, त्यामुळं बोटांनी चप्पल धरून ठेवावी लागते. पोटरी भरून येते नुसती. टाचेला बंद पाहिजे. आणि उजवी. उजवीपण मी थोडी उंच करणार आहे. दोन्ही एकाच घरातल्या दिसल्या पाहिजेत."

ती हे सगळं भराभरा सांगत होती. मग एकदम थांबली.

"मंडईत दोघी बायका माझ्या मागून चालल्या होत्या. एक म्हणाली, 'पोरगी दिसायला बरी आहे, पण काय उपयोग.' मला आधी कळलंच नाही माझ्याबद्दल बोलतायत ते." ती जमिनीकडं बघत होती. "तुम्ही हे रोज ऐकता?"

"रोज नाही," मी म्हटलं. "सणासुदीला जास्त."

ती हसली. मग मीही हसले. मग का कोण जाणे, दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि वरून शमा ओरडली, "चहा टाकलाय, या दोघी!"

* * *

चहा पिता पिता मी तिला खरी अडचण सांगितली. आईनं गुरुजींना विचारलं होतं. मांडवात कातड्याची वस्तू चालणार नाही.

"ते मला माहीत आहे," सुलक्षणा म्हणाली. "आधीच बोलायला पाहिजे होतं मी. मग कातडं नको."

खालच्यांचे रिकामे कप घेऊन दादूअण्णाच वर आले होते. ते दारातच उभे राहिले.

"कातडं न्हाई, तर मग त्यात आपलं काय ऱ्हायलं?" त्यांनी विचारलं.

"हात आपलेच हाईत की, अण्णा."

अण्णांनी कप खाली ठेवले आणि जिना उतरून गेले.

सावंतवाडीला सुलक्षणाच्या ओळखीचे एक चितारी होते, लाकडी खेळणी करणारे. ती एसटीनं त्यांच्याकडं गेली. पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं असतं. त्याचा तळ तिनं त्यांच्याकडून आपल्या डोळ्यांसमोर उतरवून घेतला, आतून पोकळ, पुढून वर उचललेला. एक बिघडला, दुसरा चिरला, तिसरा जमला. शमानं शालूच्या काठाला जुळेल असं जांभळं रेशमी सूत मिळवून दिलं. सगळा तळ त्या सुताच्या गोफानं मढवायचा, वर वेणीचे पट्टे, टाचेला बंद. लाकूड कुठं दिसणार नाही आणि कातड्याचा कण नाही.

पण सूत सैल पडत होतं. वेणी घातली की दुसऱ्या दिवशी पीळ सुटलेला. मी तिथं बसलेली असताना तिनं तीच वेणी पुन्हा पुन्हा उसवली. बोटांची टोकं लाल झाली होती. मी म्हटलं, "राहू दे आजचं." एव्हाना आम्ही एकमेकींना अगंतुगं करायला लागलो होतो. ती म्हणाली, "तू बोल, मी ऐकतेय." आणि पुन्हा सुरुवात केली.

संध्याकाळी अण्णा वर आले. तिच्या हातातली वेणी त्यांनी घेतली, उजेडाकडं धरली.

"मेण लाव सुताला," ते म्हणाले. "आणि दोन पदरी न्हवं, चार पदरी घाल. तुझी आजी गोंड्यास्नी घालायची तशी."

"दाखवा की."

ते खाली बसले. मला वाटतं, कुणीतरी आपल्याला 'दाखवा' म्हणावं ह्याची ते बरीच वर्षं वाट बघत होते. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले, मेणाची वडी मध्ये, आणि माझ्याकडं कुणाचं लक्षच राहिलं नाही. मी जिना उतरून आले तरी वरून अण्णांचा आवाज येत होता, "आवळ, अजून आवळ, तुटत न्हाई."

लग्नाच्या दोन दिवस आधी तिनं ती जोडी माझ्या पायात घातली. मी खिडकीपर्यंत गेले, वळले, परत आले. मग पुन्हा गेले. पाऊल टाकलं की तळ आपणहून पुढं झुकत होता, कुणी पाठीवर हात ठेवून चला म्हणावं तसा. मी त्या खोलीत किती फेऱ्या मारल्या मला आठवत नाही. सुलक्षणा भिंतीला टेकून फक्त माझे पाय बघत होती.

"खुर्चीचं मखमली कापड परत करा म्हणावं," ती म्हणाली.

* * *

लग्नाच्या दिवशी पट्टे बांधायला तिनं स्वतः यायचं असं ठरलं होतं. कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत ती माझ्यापुढं खाली बसली होती. अंगावर साधी निळी साडी, तोंडात दोरा. बाहेर सनई चालू होती. तेवढ्यात पद्माआत्या आत आल्या.

"झालं का? गुरुजी घाई करतायत," त्या म्हणाल्या, आणि त्यांची नजर खाली गेली. "चपला? मांडवात?"

"लाकडाच्या आहेत," आई पटकन म्हणाली. "पादुकाच म्हणा. गुरुजींना विचारून घेतलंय आम्ही. त्यांची हरकत नाही."

पद्माआत्या वाकल्या. बाईंना पारख होती. बोटानं वेणी चाचपून त्या म्हणाल्या, "सुबक आहे हो काम. कुठून आणल्या?"

"मी केल्या," सुलक्षणा म्हणाली.

"हो का? तुम्ही कुठल्या?"

"सुभाषनगरच्या. दादू डोंगरेंची मुलगी."

आत्यांनी बोट मागं घेतलं. अगदी हळू, कुणाला कळू नये असं. पण आम्हाला तिघींनाही कळलं. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि आईला बाजूला घेऊन बोलल्या. खोली लहान होती, सगळं ऐकू येत होतं.

"विहीणबाई, लाकडाच्या असोत नाहीतर सोन्याच्या. मांडवात देवक आहे. चार लोक विचारतील कुठून आल्या म्हणून. आपण आधी ठरवलं तसं खुर्चीच ठेवू. आणि ह्यांना म्हणावं, जेवून जा. मागच्या बाजूला पान मांडायला सांगते मी."

सुलक्षणाचा हात थांबला. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तिनं तोंडातला दोरा काढला, राहिलेली गाठ मारली आणि नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "उभी राहून बघ. टाचेला घट्ट होतंय का?"

मी उभी राहिले. धैर्यशीलला बोलवावं का, लग्न आत्ताच मोडेल का, असं काहीबाही डोक्यात येत होतं.

माझ्या आईनं आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्या बुटांपायी तर ती नेहमीच दबून असायची. साड्या जरा खाली सोडून नेसवायची, फोटोत मला पुढच्या रांगेत बसवायची. ती आत्यांपुढून बाजूला झाली. दाराशी माझी मामेबहीण कलश घेऊन उभी होती, ती करवली व्हायची होती. आईनं तिच्या हातातला कलश घेतला, नारळ सरळ केला आणि सुलक्षणापुढं धरला.

"हा घे," आई म्हणाली. "नवरीच्या मागं उभं राहायचं. अक्षता पडून होईतो हलायचं नाही."

सुलक्षणा खालीच बसलेली होती. तिला उठायचं सुचेना.

"विहीणबाई, हे काय?" पद्माआत्या म्हणाल्या.

"आमची करवली आहे," आई म्हणाली. "माझ्या मुलीला सख्खी बहीण नाही. ऊठ सुलक्षणा. मुहूर्त टळेल."

सुलक्षणा उठली. हात साडीला पुसले, आणि कलश घेतला.

आम्ही तिघी बाहेर निघालो, पुढं मी, मागं कलश घेऊन ती, बाजूला आई. मांडवापर्यंतची सगळी वाट लोकांनी भरलेली होती. मी लंगडत होते, ते काही गेलं नव्हतं. पण मी चालत होते. धैर्यशील पाटावर उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पायांकडं, मग पुन्हा माझ्याकडं, आणि इतका मोठ्यानं हसला की गुरुजींनी त्याला दटावलं.

मंगलाष्टकं त्या दिवशी संपता संपेनात. त्याच्या दोन मावश्यांनी स्वतः रचून आणली होती, आमच्या शाळेतल्या बाईंनी वेगळी. एक थांबली की दुसरी माइक घ्यायची. अंतरपाटाआड मी दोन्ही टाचा टेकवून उभी होते. पाठीमागं सुलक्षणाच्या श्वासाचा आवाज येत होता. अर्ध्यात ती माझ्या कानाशी कुजबुजली, "कळ येतेय का?"

"नाही."

"खरं सांग."

"अजून चार म्हणू देत," मी म्हटलं.

सप्तपदीला धैर्यशीलनं आपलं पाऊल लहान केलं. मी त्याला म्हटलं, "नेहमीसारखा चाल." तो चालला.

पंगतीत आईनं सुलक्षणाला आपल्या शेजारी बसवलं. पद्माआत्या समोरच्या ओळीत होत्या. त्या उठून गेल्या नाहीत. वाढणाऱ्यानं जिलबी आणली तेव्हा सगळ्यांच्या पानात पडली तशी सुलक्षणाच्याही पानात पडली. मी हे सगळं दुरून, नवऱ्याला घास भरवता भरवता बघत होते.

निघायच्या वेळी गाडीशी रडारड चालू होती. सुलक्षणानं मला गर्दीतून बाजूला ओढलं.

"वळताना टाच जरा सरकत होती," ती म्हणाली. "सगळे तुझं तोंड बघत होते, मी तेच बघत होते."

"मला कळलंसुद्धा नाही."

"मला कळलं." तिनं काखेतून एक कापडी पिशवी काढली. "हे घे. ह्यात नाही सरकणार."

मी पिशवीत हात घातला. आणखी एक जोडी होती. तोच हलका तळ, पण वर रेशीम नाही, गोंडे नाहीत. धुतलेल्या मांजरपाटाच्या पट्ट्या, खाली घट्ट दोरीचा तळवा. इतकी साधी की दुकानात कुणी उचलून बघितली नसती.

"ही कशाला?"

"तुझं लग्न एका दिवसाचं गं," ती म्हणाली. "उद्या सकाळी उठशील तेव्हा? त्यांच्या घरात बूट घालून फिरणार नाहीस तू, मला माहीत आहे. भिंतीला धरून चालशील, आणि कुणी काही विचारलं तर म्हणशील, सवय आहे. ही घरातली आहे. ओली झाली तरी चालती. उन्हात टाकायची."

लग्नाची तयारी महिनाभर चालली होती. शालू, दागिने, पंगत, खुर्ची. पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा विचार आमच्या कुणाच्याच मनात आला नव्हता. माझ्यासुद्धा.

"कधी केलीस?"

"अण्णांनी केली," ती म्हणाली. "मी फक्त माप दिलं." आणि मग, मी तिला मिठी मारायच्या आत, "जा, गाडी थांबलीय," म्हणून तिनं मला ढकललं.

आता ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. 'करकर'मध्ये आज बायकाच कातडं कापतात, आणि सुभाषनगरातल्या त्या जिन्यावर लांबलांबच्या गावांहून माणसं येऊन बसलेली असतात. कुणाचा एक पाय मोठा, कुणाची बोटं गेलेली, कुणाची टाच उचललेली. सुलक्षणा अजून प्रत्येकाला तेच म्हणते, बूट काढा.

पण मला विचाराल तर मला सगळ्यांत जास्त आठवते ती लग्नानंतरची सकाळ. घर परकं होतं, सगळी माणसं दमून झोपलेली. मी उठले, पलंगाखालून ती साधी जोडी काढली, पायात घातली आणि स्वयंपाकघरात गेले. भिंतीला हात लावावा लागला नाही. चहाचं भांडं शोधलं, पातेलं भरून आधण ठेवलं, आलं किसलं. ओट्याशी दोन्ही पायांवर उभी राहून मी दूध वर यायची वाट बघत होते.

दारात चाहूल लागली. पद्माआत्या होत्या, केस मोकळे, डोळ्यांवर झोप. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मीही लपवले नाहीत.

"माझ्यात साखर कमी घाल," त्या म्हणाल्या, आणि पाट ओढून माझ्याजवळ बसल्या.